पहिला वाफा

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



साठ वर्षांचा आढावा घेताना निकालांचा, बक्षिसांचा आणि नव्या इमारतीचा उल्लेख या व्यासपीठावरून झाला, आणि तो यथोचितच होता. आता थोडा वेळ एका परसबागेकडे वळायचे आहे. ती बाग शाळेची नव्हती. शाळेत चौथीत शिकणाऱ्या एका मुलीच्या क्वार्टरमागची ती जागा, पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद. तिचे आयुष्यही त्या कुटुंबापुरते एका हिवाळ्याचेच होते.

गोष्ट तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची, दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी वसाहतीतली. मुलीचे वडील केंद्र सरकारच्या कार्यालयात हिशेबाचे काम पाहत. घराणे सातारा जिल्ह्यातले, शेतकऱ्याचे; परंतु मुलाला मातीत हात घालावा लागू नये म्हणूनच त्याला शिकवले गेले होते, आणि ती इच्छा इतकी पूर्ण झाली होती की चाळिशी उलटेपर्यंत त्यांनी कधी खुरपे हाती धरले नव्हते. तळमजल्याचे क्वार्टर मिळाले, मागे मोकळी जागा दिसली, आणि मनात आले की भाजी लावावी. नवशिक्याला एवढेच कारण पुरते.

सुरुवात घटस्थापनेपासून झाली. दरवर्षीप्रमाणे देवघरात परडीत माती घालून धान्य पेरले, आणि नवव्या दिवशी वीतभर अंकुर डोलू लागले. मुलीच्या मनात आले, पेरणे इतके सोपे असेल तर भाजी का विकत आणायची? वडिलांनाही ते पटले. या ठिकाणी दोघांची जी गफलत झाली ती बहुतेक सर्वच नवशिक्यांची होते, आणि शाळेत ओल्या कापसावर हरभरा रुजवून दाखवणारा प्रयोगही नकळत तीच गफलत शिकवतो. बी रुजते ते स्वतःच्या शिदोरीवर. गव्हाच्या दाण्यात कोवळ्या रोपाला पहिले काही दिवस पुरेल इतके अन्न भरलेले असते. पाणी, हवा आणि ऊब मिळाली की ते उगवते, मग खाली माती असो वा कापूस. देवघरातले अंकुर उंच असतात, पण पिवळसर असतात, कारण ते उजेड शोधत ताणलेले असतात. दसऱ्याला त्यांचे काम संपते म्हणून पुढचा प्रश्न कोणाला पडत नाही. शिदोरी संपल्यावर काय, हा तो प्रश्न. आणि बागेची खरी सुरुवात तेथून होते.

परसातली माती कुदळीला दाद देईना. वीतभर खाली विटांचे तुकडे, प्लास्टरची ढेकळे, काचा, एक वाकलेला चमचा आणि दोन गोट्या निघाल्या. तीन रविवार बापलेकी घमेल्याने मलबा बाहेर काढत होते. मग वडिलांनी जवळच्या गोठ्यातून शेण आणून ओलेच्या ओले मातीत मिसळले. ताजे शेण कुजताना तापते, कोवळी मुळे करपतात आणि वाळवीला आमंत्रण मिळते, हे त्यांना ठाऊक नव्हते. वरच्या मजल्यावर राहणारे वयस्क सरदारजी गॅलरीतून हे पाहत होते. ते खाली आले आणि ते शेण एका कोपऱ्यात ढीग करून झाकायला लावले. म्हणाले, याचे खत पुढच्या वर्षी. मुलीला पुढचे वर्ष म्हणजे फार लांबचे वाटले. या वर्षासाठी रोपवाटिकेतून कुजलेले खत विकत आणावे लागले.

सरदारजींचे कुटुंब मूळचे लायलपूरकडचे, कालव्याखालच्या शेतीचे. 1947 साली ते चौदा-पंधरा वर्षांचे होते. त्यांची नातवंडे त्यांना दारजी म्हणत, म्हणून मुलगीही दारजीच म्हणू लागली.

बियांच्या पाकिटांवर पुसा केसर, पुसा रूबी अशी नावे होती. पुसा म्हणजे काय, असे मुलीने विचारले. दिल्लीत राहणाऱ्या माणसाला पुसा म्हणजे करोलबागेपलीकडचा भाग, एवढेच माहीत असते. वास्तविक पुसा हे बिहारमधले गाव. तेथे 1905 साली कृषिसंशोधन संस्था स्थापन झाली. 1934च्या भूकंपात तिची इमारत निकामी झाली आणि 1936 साली संस्था दिल्लीला आली. येताना गावाचे नाव घेऊन आली. आज देशभर शेतात आणि परसात लावल्या जाणाऱ्या कितीतरी वाणांच्या नावांत ते बिहारी खेडे वस्तीला आहे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सगळी पाकिटे एका दमात पेरली गेली. मेथी, पालक, मुळा, गाजर, धने, मटार. मेथी चौथ्या दिवशी वर आली. धने आठव्या दिवशीही दिसेनात, तेव्हा मुलगी रोज एक दाणा उकरून पाहू लागली, आणि जे रुजत होते तेही त्या पाहण्याने मेले. धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. चपलेखाली हलके रगडून ते दुभंगून पेरायचे असतात, ही गोष्ट आईला माहीत होती, पण तिला कोणी विचारलेच नव्हते. मेथी सगळी एकाच दिवशी पेरल्यामुळे सगळी एकाच आठवड्यात खायला आली. घरात सलग सहा दिवस मेथी झाली आणि त्यानंतर महिनाभर एक काडीही मिळाली नाही. दर दहा-पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरायची असते, हे शहाणपण त्या सहा दिवसांत आले.

मटार उगवले आणि वीतभर होऊन सुकले. पेरावे तसे उगवते ही म्हण पहिल्या वर्षाच्या बागेत फारशी खरी ठरत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिल्लीची माती अजून तापलेली असते, आणि अशा मातीत मटाराच्या मुळांना मर लागते. दारजींनी सांगितले, दिवाळी होऊ द्या, सकाळी स्वेटर घालावासा वाटला की मटार पेरा. ही तारीख कोणत्याही पंचांगात नव्हती.

पण या बागेतला सर्वांत मोठा अपराधी पाणीच होता. वडील कार्यालयातून आले की झारी भरत. दिवसभर कोणाची तरी टिपणे तपासून थकलेल्या माणसाला संध्याकाळी ओल्या मातीचा वास हवासा वाटतो, आणि झाडांवर माया करण्याचा दुसरा मार्ग त्यांना माहीत नव्हता. त्यांनी एक वही घातली होती. तारीख, काय पेरले, कधी उगवले, खर्च आणि पाणी असे रकाने आखले होते. पाण्याच्या रकान्यात रोज एक बरोबरची खूण पडे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टोमॅटोच्या रोपांचा ताटवा एका रात्रीत कोलमडला. देठ जमिनीलगत पाण्याने भिजलेल्या दोऱ्यासारखे झाले होते. वडिलांना वाटले पाणी कमी पडले, म्हणून त्यांनी आणखी घातले. उरलेली रोपेही गेली.

त्या सकाळी दारजींनी त्यांना वाफ्यातली मूठभर माती उचलायला लावली. मूठ दाबली तर बोटांमधून चिखल निघाला. मग त्यांनी पाणी पूर्ण बंद करायला लावले. चार दिवसांनी पुन्हा मूठ दाबली, तेव्हा मातीचा गोळा झाला, आणि अंगठ्याने हलके ढकलताच तो मोकळा होऊन पडला. दारजी म्हणाले, हा वत्तर. वडील क्षणभर थांबले, आणि मग मुलीला म्हणाले, "अगं, हा वाफसा!"

हा शब्द त्यांनी लहानपणी घरात शेकडो वेळा ऐकला होता. पावसानंतर आजोबा उंबऱ्यात उभे राहून शेजाऱ्याला विचारत, वाफसा झाला का? पण तो हाताने कधी ओळखला नव्हता. माती ओली असते पण चिकटत नाही. कणांच्या मधल्या पोकळ्यांत पाणीही असते आणि हवाही. मुळांना दोन्ही लागतात, कारण मुळेही श्वास घेतात. सतत भिजवलेल्या वाफ्यात ती गुदमरतात, आणि वरची पाने कोमेजतात तेव्हा तहानेसारखीच दिसतात. नवशिक्या फसतो तो येथे. अति काळजीची आणि निष्काळजीपणाची लक्षणे झाडावर सारखीच दिसतात. त्यांतला भेद पानाकडे पाहून कळत नाही; बोट दोन पेरे मातीत खुपसावे लागते. पालकांच्या सभेत यावर अधिक बोलण्याची आवश्यकता नसावी.

जानेवारीच्या अखेरीस पारा फार खाली गेला तेव्हा त्याच दारजींनी संध्याकाळी मुद्दाम हलके पाणी द्यायला लावले. ओल्या जमिनीची ऊब रात्री कोवळ्या पानांना थंडीच्या कडाक्यातून वाचवते. म्हणजे पाणी वाईट, असाही नियम करून चालले नाही.

डिसेंबरात गाजरांची विरळणी आली. दाट उगवलेल्या रोपांतली बरीचशी उपटून दोन-तीन इंचांवर एकेक ठेवायचे होते. मुलगी रडू लागली. उगवलेली, हिरवी, काही अपराध न केलेली रोपे. कोणते उपटायचे हे कोण ठरवणार, हा तिचा प्रश्न होता, आणि वडिलांकडे त्याचे उत्तर नव्हते. शेवटी तडजोड झाली. अर्धी ओळ विरळली, अर्धी तशीच ठेवली. जानेवारीत विरळलेल्या अर्ध्यातून वीत-वीत लांबीची लाल गाजरे निघाली. दुसऱ्या अर्ध्यातून सुतळीसारखी, एकमेकांना पीळ घातलेली. मुलीने ती पीळदारच गाजरे वर्गात नेली. ती अधिक गोड होती असा तिचा दावा होता, आणि तो तिने पुढेही सोडला नाही.

फुलकोबीची कथा वेगळी. वडिलांनी नोव्हेंबरअखेर रोपवाल्याकडे उरलेली रोपे स्वस्तात मिळतात म्हणून आणली. ती लवकर येणाऱ्या, उष्ण हवेत गड्डा धरणाऱ्या वाणाची होती. थंडीत लावताच झाड वाढण्याआधीच त्यांनी गड्डे धरले, सुपारीएवढे. फुलकोबीत प्रत्येक वाणाची हवा ठरलेली असते. लवकरचे वाण उशिरा लावले तर सुपारी मिळते, आणि थंडीचे वाण लवकर लावले तर नुसती पाने. खरे तर ही भाजी मुळातच परकी. 1822 साली ती इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आली. युरोपच्या थंडीची ही पाहुणी. इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी बी धरता धरता तिच्यातून उकाड्यात गड्डा देणारी देशी जात घडवली. दिल्लीच्या बाजारात सप्टेंबरातच दिसणारी फुलकोबी ही त्या कष्टांची फलश्रुती होय.

फेब्रुवारीत मुळ्यांवर मावा आला. पानांची मागची बाजू हिरव्या उवांनी भरली. पाठोपाठ काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या आकाराची बारीक किड दिसू लागली, आणि बापलेकींनी ती वेचून वेचून चिरडली. लाल पाठीवर काळे ठिपके असणारा गोंडस ढालकिडा मुलीला पुस्तकातून माहीत होता; त्याचे पिल्लू असे कुरूप दिसते आणि तेच मावा खाऊन फस्त करते, हे पुस्तकात नव्हते. रक्षक मारले गेले आणि मावा वाढला. शेवटी साबणाच्या पाण्याने पाने धुवावी लागली.

याच सुमारास वर्गात निबंध आला, विषय "माझी बाग". या विषयावर गुलाब, मोगरा, फुलपाखरे आणि मंद वारा यांशिवाय काही लिहायचे नसते, असा मराठी शाळांतला जुना संकेत आहे. मुलीने लिहिले की आमच्या बागेत मावा पडला आहे, आम्ही चुकून चांगले किडे मारले, आणि वाफसा येईपर्यंत पाणी घालायचे नसते. बाईंनी निबंध वर्गात वाचून दाखवला आणि "वाफसा" हा शब्द फळ्यावर लिहून विचारले, कोणाला माहीत आहे? दिल्लीत जन्मलेल्या वर्गात एकही हात वर आला नाही. बाई स्वतः पुण्याच्या, पेठेत वाढलेल्या. त्यांनी मुलीच्या वहीत खाली लाल शाईने लिहिले की, नीट कळले नाही, वडिलांना अर्थ लिहून पाठवायला सांग. शिक्षकाने अशी ओळ विद्यार्थ्याच्या वहीत लिहिणे ही गोष्ट या साठ वर्षांच्या आढाव्यात कोठे तरी नोंदली जायला हवी.

एव्हाना वडिलांनी हिशेब केला होता. खत, बियाणे, खुरपे, झारी, तट्ट्या धरून बाग तोट्यात होती. तीच भाजी मंडईतून निम्म्या पैशांत आली असती. परसबागेने पैसे वाचतात असे पहिल्याच वर्षी सांगणाऱ्याने बहुधा हिशेब ठेवलेला नसतो.

आणि मग बदलीचा हुकूम आला. मद्रास. मटार भरात होते, टोमॅटो हिरवे होते. वडिलांना मार्चच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचे होते. मुलीच्या परीक्षेपर्यंत क्वार्टर ठेवण्याची मुभा मिळाली. मद्रासला हिवाळा नाही, तेथे ही सारी तारखांची वही निरुपयोगी. तेथे मराठी शाळाही नव्हती. मुलगी केंद्रीय विद्यालयात जाणार होती.

प्रश्न उरला तो रिकाम्या वाफ्यांचा. मटार काढून झाल्यावर दारजींनी वेल उपटू दिले नाहीत, जमिनीलगत कापायला लावले. मुळांवरच्या गुलाबी गाठी मुलीला दाखवून म्हणाले, हे खत जमिनीतच राहू दे. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. दिल्लीत हीच भेंडी पेरण्याची वेळ. पण पेरायची कोणासाठी? वडील म्हणाले, आता नको, एप्रिलात आपण येथे नसणार. आईलाही तसेच वाटले. दारजी काही बोलले नाहीत. 1947च्या ऑगस्टात त्यांच्या घराने उभा कापूस मागे सोडला होता, आणि तो कोणी वेचला हे त्यांना कधी कळले नव्हते. ही गोष्ट त्यांनी पूर्वी एकदा, मटाराला काठ्या लावताना सांगितली होती. आता पुन्हा काढली नाही. ते एवढेच म्हणाले की, उघडी जमीन एप्रिलच्या उन्हात विटेसारखी भाजते, मग पुढच्याला कुदळ लागत नाही.

मद्रासला निघण्याच्या आदल्या रविवारी वडिलांनी कपाटातून एक पाकीट काढले. गावाकडून भावाने पाठवलेले, परभणी क्रांती वाणाच्या भेंडीचे. पूर्वी पुसा सावनी ही भेंडी केवडा रोगाला दाद देत नसे. पुढे तिचा तो गुण ओसरला, पाने पिवळी पडू लागली. तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात तिचा एका रानटी जातीशी संकर करून हे नवे वाण काढले गेले. बी रात्रभर भिजत घातले. सकाळी मातीची मूठ दाबून पाहिली, वाफसा होता. बापलेकींनी दोन ओळी टोकल्या आणि वडील दुपारच्या गाडीची तयारी करायला आत गेले.

मार्चमध्ये परीक्षेच्या गडबडीत कोणी उपटायचे विसरलेले चार मुळे फुलावर आले. पांढरीजांभळी फुले, मग टोकदार शेंगा. आई त्या पाहून हरखली. या डिंगऱ्या! लहानपणी आजोळी खाल्लेली ही भाजी दिल्लीत तिने एकदाही केली नव्हती. वरून दारजींच्या पत्नी म्हणाल्या, या तर मूंगरे. त्या दिवशी दोन्ही घरांत एकाच वाफ्यातली भाजी झाली, एका घरी दाण्याचे कूट घालून, दुसऱ्या घरी बटाटे घालून. आईने एका झाडाच्या शेंगा वाळू दिल्या आणि बी कागदाच्या पुडीत बांधून मद्राससाठी ठेवले.

त्या प्रकारच्या वसाहती आता फार काळ राहणार नाहीत. नेताजीनगर, सरोजिनीनगर येथली जुनी क्वार्टरे पाडून बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत, आणि आजच्या पालकांना परस म्हणजे बाल्कनीतल्या चार कुंड्याच. कुंडीतही बोट दोन पेरे खुपसता येते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात क्वार्टरमध्ये येणारे नवे कुटुंब जागा पाहायला आले. केरळातले तरुण पतिपत्नी, पदरात तान्हे मूल. टोमॅटो लाल झाले होते, भेंडी वीतभर उंच होती, कोपऱ्यातले शेण काळेभोर भुसभुशीत खत होऊ लागले होते. आईने त्यांच्या हाती ती हिशेबाची वही दिली. हिंदी दोघींचीही बेताची. तरी त्या बाईंनी रकाने चाळले, आणि पाणी किती दिवसांनी घालायचे एवढेच विचारले. त्या रकान्यात नोव्हेंबरपर्यंत रोज एक खूण होती आणि पुढची पाने कोरी होती. मुलगी त्यांचा हात धरून त्यांना वाफ्याकडे घेऊन गेली.